पेटी भरण्यापूर्वीं

परदेशचा प्रवास ठरला, कीं मराठी घरांत पहिली हालचाल सुरू होते ती स्वयंपाकघरांत. जाणारी मंडळी तिकिटें, हॉटेलें आणि बर्फाचे डोंगर यांच्या चर्चेंत गुंतलेली असतात; इकडे घरांतील वडीलधारीं माणसें भाजणी, मेतकूट, चटण्या, लाडू, पेढे यांचे डबे भरूं लागतात. तिकडे मुलगी किंवा भाऊ राहत असेल, तर विचारावयासच नको! त्याच सुमारास कपाटांतील औषधांचा डबाही जसाच्या तसा पेटींत जाऊन बसतो. प्रवाशास सल्ला देणारे लोक उबदार कपड्यांविषयीं पुष्कळ बोलतात. परंतु स्वेटर विसरला तर तो कोठेंही विकत मिळतो. या दोन डब्यांतील एखादी वस्तु मात्र दुसऱ्या देशाच्या दाराशीं अशी अडचण उभी करते, कीं ती पैशानें सुटत नाहीं.

खसखशीचेंच उदाहरण घ्यावें. अनारशावरची खसखस पाहून कोणासही भीति वाटणार नाहीं. परंतु खसखस हें अफूच्या झाडाचें बीं होय, आणि बोंडांतील चिकाचा अंश त्यास लागलेला असूं शकतो. संयुक्त अरब अमिरातींत, म्हणजे दुबई, अबू धाबी वगैरे ठिकाणीं, खसखस नेण्यास बंदी आहे. सिंगापुरांतही तीच स्थिति. तेथें हा विषय अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या खात्याच्या कक्षेंत येतो. दिवाळीच्या सुटींत या दोन ठिकाणीं जाणाऱ्यांनीं अनारशांचा डबा घरींच ठेवलेला बरा. कुटलेल्या मसाल्याकडेही लक्ष द्यावें. मालवणी मसाल्यांत खसखस घालतात, आणि एकदां ती कुटली गेली म्हणजे निवडून काढतां येत नाहीं.

औषधांची गोष्ट याहून नाजूक आहे. सर्दीची गोळी कोपऱ्यावरच्या दुकानांत सहज मिळते, म्हणून ती सर्वत्र निर्दोष, अशी समजूत असते. जपानांत स्यूडोएफेड्रिन हें द्रव्य १० टक्क्यांहून अधिक असलेलें औषध नेतां येत नाहीं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखविली तरीही नाहीं. अमिरातींत ट्रामाडोल, कोडीन यांसारख्या द्रव्यांवर कडक नियंत्रण असून, तीं न्यावयाचीं तर तेथील आरोग्यखात्याची परवानगी निघण्यापूर्वींच मिळवावी लागते. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनींही हीच चौकशी आधीं करावी. नित्याचीं औषधेंदेखील जपानांत साधारणतः एका महिन्यापुरतींच नेतां येतात. अधिक हवीं असतील तर ‘युन्यू काकुनिन्शो’ नांवाचें प्रमाणपत्र आगाऊ मागवावें लागतें.

कित्येक वृद्ध गृहस्थांना गोळ्या पाकिटांतून सोडवून सात वारांच्या सात कप्प्यांत भरून ठेवण्याची संवय असते. ही टापटीप घरीं शोभते. सीमेवर मात्र नांव नसलेली पांढरी गोळी ही नुसती पांढरी गोळी असते, आणि ती कशाची आहे हें प्रवाशालाच पटवून द्यावें लागतें. यास्तव प्रत्येक औषध मूळ वेष्टनांतच असावें. सोबत डॉक्टरांचें इंग्रजी पत्र घ्यावें, आणि त्यांत भारतीय कंपनीनें ठेवलेल्या नांवापेक्षां औषधाचें मूळ रासायनिक नांव लिहून घ्यावें. कारण पहिलें नांव तिकडे कोणी ओळखणार नाहीं. इन्सुलिन हातांतील पिशवींत ठेवावें. विमानाच्या पोटांतील सामानांत तें गोठण्याचा संभव असतो, आणि पेटी चुकली तर औषधही चुकतें.

आतां खाऊ. युरोपीय संघांतील देशांत भारतांतून जाणाऱ्या प्रवाशास दुधाचे व मांसाचे पदार्थ नेतां येत नाहींत. ब्रिटनचाही नियम तसाच. म्हणजे पेढे, बर्फी आणि साजूक तूप हीं तिन्ही गेलीं. हा निव्वळ हट्ट नव्हे. २००१ सालीं ब्रिटनमध्यें लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हां ६० लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. ज्या देशानें हें पाहिलें आहे, त्यास पेढ्याच्या गोडव्याचें कौतुक कसें सांगावें? आंब्यांचेंही तेंच. फळमाशीमुळें युरोपीय संघानें २०१४ सालीं भारतीय आंब्यावर बंदी घातली व ती २०१५ च्या प्रारंभीं उठली. अमेरिकेनें २००७ मध्यें आपलें दार उघडलें, तेंही लासलगांवच्या केंद्रांत विकिरणप्रक्रिया झालेल्या आंब्यापुरतें. घरच्या करंडींतील हापुसाला ही सवलत नाहीं. गंमत अशी, कीं ओला नारळ युरोपीय संघांत वनस्पति-आरोग्याच्या दाखल्यावांचूनही चालतो. पण सुकें खोबरें विमानांतच चढूं देत नाहींत, कारण त्यांतील तेलामुळें तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें.

सर्वांत कडक दारें ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचीं. तेथें उतरतांना प्रवाशास घोषणापत्र भरून द्यावें लागतें, आणि जवळ खाद्यपदार्थ आहेत कीं नाहींत हा त्यांतील प्रश्न केवळ उपचाराचा नसतो. पेढे, बर्फी, गुलाबजाम हे पदार्थ ऑस्ट्रेलियांत नेतां येत नाहींत. न्यूझीलंडमध्यें वस्तु न सांगितल्याबद्दल जागच्या जागीं ४०० डॉलर दंड होतो. विसरलों म्हटल्यानें तो टळत नाहीं. ऑस्ट्रेलियांत तर २०१९ पासून गंभीर प्रकरणीं पाहुण्याचा व्हिसाच रद्द होऊं शकतो. आणि या फेऱ्यांत सापडण्याचा संभव कोणास अधिक? मुलीच्या बाळंतपणासाठीं डिंकाचे लाडू आणि हळीव घेऊन निघालेल्या आईस! तिला तें इंग्रजी पत्रक नीट वाचतां येत नाहीं, आणि शेजारच्या प्रवाशानें सगळीकडे ‘नाहीं’ लिहून दिलेलें असतें. तिच्या मुलांनीं ते प्रश्न निघण्यापूर्वींच मराठींत समजावून द्यावे, आणि संशय वाटला कीं ‘आहे’ असेंच लिहावें हें तिच्या मनावर ठसवावें. सांगितलेली वस्तु नको असेल, तर अधिकारी ती फार तर काढून घेईल. दंड लपविण्याबद्दल आहे, लाडवाबद्दल नाहीं.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत पुरे. पासपोर्टची मुदत अनेक देशांना सहा महिने शिल्लक लागते. शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर तीन महिने, आणि त्यांच्या व्हिशासाठीं निदान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा. लग्नानंतर नांव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतींत तिकिटावर सासरचें व पासपोर्टवर माहेरचें आडनांव, असा घोटाळा होतो. तिकीट पासपोर्टबरहुकूमच काढावें. मोबाइलची पॉवर बँक मोठ्या पेटींत न टाकतां हातांतील पिशवींत घ्यावी.

एक दार मात्र प्रवासी साफ विसरतात, तें स्वतःच्या देशाचें. केनियांतील मसाई माराचीं वन्य जनावरें पाहावयास जाणाऱ्यांनीं पीतज्वराची लस टोंचून घेतली नसेल, तर परत आल्यावर त्यांना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणांत राहावें लागूं शकतें. भारतांत हा रोग नाहीं, पण तो पसरविणारे डांस आहेत. लशीचा दाखला टोंचल्यापासून दहा दिवसांनीं लागू होतो, म्हणून आदल्या आठवड्यांत धांवपळ करून उपयोग नाहीं. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते. २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो. साठी उलटलेल्यांनीं मात्र ती प्रथमच घेण्यापूर्वीं डॉक्टरांचें मत घेणें अवश्य आहे.

राहिला प्रश्न पेटी कोणीं भरावी याचा. ती जाणाऱ्यानें स्वतः भरावी. शेजाऱ्यानें आपल्या पुतण्यासाठीं दिलेली बांधीव पुडी उघडून पाहणें हें संकोचाचें वाटतें खरें. परंतु परक्या विमानतळावर ती पेटींतून निघाली, तर शेजारी तेथें नसतो, आणि उत्तर पेटीच्या धन्यालाच द्यावें लागतें. नियम वरचेवर बदलतात, म्हणून जेथें जावयाचें त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर शेवटच्या आठवड्यांत पुन्हां एकदां नजर टाकावी. नंतर पेटींतील खाद्यपदार्थांची एक इंग्रजी यादी करून ती झांकणाच्या आंतल्या बाजूस लावावी. मेतकूट म्हणजे काय हें तेथील अधिकाऱ्यास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहूं आणि मसाले यांचें पीठ, असें यादींत लिहिलेलें असलें म्हणजे त्याचें काम सोपें होतें, आणि मागें उभ्या असलेल्या रांगेचेंही.