हडळीचे हिट पॉइंट किती?

आजचा भाग भुतांवर आहे, पण रात्रीच्या एसटीत एकटे ऐकत असाल तरी चालेल, एवढा काही भीतीदायक नाही. हे त्या भागाचं लिखित रूप. मालवणी वाक्यं जशी बोललो तशीच ठेवलीयत, समजून घ्या.

प्रश्न साधा आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचे जे फँटसी खेळ आहेत, त्यांतले जुने राक्षस, दैत्य, भुतं जशीच्या तशी ठेवायची की बदलायची?

ज्यांनी हे खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. 'स्ट्रेंजर थिंग्स'मधली पोरं तळघरात बसून खेळतात ना, ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो अमेरिकेत काढला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि तुमची तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक राक्षसाचा एक तक्ता असतो: ताकद किती, अक्कल किती, हिट पॉइंट किती, म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरणार. १९७७ मध्ये असे तक्ते एकत्र करून 'मॉन्स्टर मॅन्युअल' आलं. आमच्यासारख्या डेटाबेसवाल्या माणसाला हे पुस्तक म्हणजे श्रीखंड. एक ओळ, एक राक्षस.

आणि त्याच तक्त्यात भांडणाचं मूळ आहे. तक्त्यात स्वभावाचाही रकाना होता. ऑर्क नावाची जमात, स्वभाव: दुष्ट. एखादा ऑर्क नाही, अख्खी जमात. म्हणजे ऑर्क दिसला की विचारायचं नाही, तलवार काढायची. जून २०२० मध्ये, अमेरिकेत वंशभेदावरून रस्त्यावर आंदोलनं चालू असताना, कंपनीने जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राऊ यांची आमची जुनी वर्णनं खऱ्या जगातल्या माणसांना ज्या शब्दांनी हिणवलं गेलं त्याच शब्दांसारखी आहेत, आम्ही ती बदलू. २०२४ च्या नव्या पुस्तकात ऑर्क हा खेळाडूने निवडायचा वंश झाला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत नवं 'मॉन्स्टर मॅन्युअल' आलं त्यात ऑर्कचं पानच नाही. गॉब्लिन आहेत, पण ते आता परीलोकातले. यावर इंटरनेटवर जे युद्ध झालं ते अजून संपलेलं नाही. एक बाजू म्हणते परंपरा बुडवली, दुसरी म्हणते उशीर केला.

आता तुम्ही म्हणाल, तोंडवलीच्या माणसाचा ह्या भांडणाशी काय संबंध? आहे. कारण त्या पुस्तकात आपला राक्षसही आहे. 'रक्षासा' म्हणून. आणि तो कसा दिसतो? वाघाचं डोकं, अंगात श्रीमंती कोट, हातात पाइप, आणि हाताचे पंजे उलटे. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात, त्यांनी हात उलटे केले. डेव्हिड ट्रॅम्पियरचं १९७७ चं ते चित्र इतकं गाजलं की आजही जगभरच्या खेळाडूंना राक्षस म्हटलं की वाघच आठवतो. त्याला मारायचा उपाय काय, तर मंत्रून दिलेला क्रॉसबोचा बाण. रामायण चाळत बसू नका, सापडणार नाही. १९७४ साली 'कोलचॅक' नावाच्या अमेरिकन मालिकेत एक भाग झाला होता, त्यातून ते आलं. म्हणजे ज्याला आज लोक 'परंपरा' म्हणून वाचवायला निघालेत, ती एका टीव्ही मालिकेतून उचललेली गोष्ट आहे. मला वाघ आवडतो, खोटं का बोला. पण परंपरा म्हणजे काय हे आधी तपासायला हवं, एवढंच.

दोन वर्षांपासून मी कोकणातल्या भुतांचा स्वतःचा खेळ लिहितोय. घरगुतीच. पुण्यात ऑफिस सुटल्यावर चार मित्र, आणि चवथीला गावी गेलो की पडवीत भावंडं. भुतांची यादी करायला मला लांब जावं लागलं नाही: मुंजा, हडळ, जखीण, खवीस, झोटिंग, समंध, गिऱ्हा, चकवा, देवचार. पण यादी नीट मांडायची म्हणून जुनं काही मिळतंय का ते शोधलं, तर एक पुस्तक सापडलं जे कोकणचं 'मॉन्स्टर मॅन्युअल'च म्हणावं. एन्थोवेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते १९१५ मध्ये छापून आणलं. पण माहिती गोळा केली होती ए. एम. टी. जॅक्सनने. हो, तोच. नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी नाटकाच्या थिएटरात गोळी घातली. शाळेच्या इतिहासात आपण त्याचं मरण पाठ करतो. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून भुतांची माहिती मागवली होती हे कुणी सांगत नाही. एकीकडे राज्य करायचं, दुसरीकडे इथल्या माणसांना रात्री कशाची भीती वाटते याची फाईल करायची. असो, तो वेगळा भाग होईल.

मुद्दा हा की आपल्या भुतांची यादी, मग ती मास्तरांनी लिहिलेली असो की आजीने सांगितलेली, नीट वाचली की अंगावर येते. आणि ते भुतांमुळे नाही. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. ब्रह्मसमंध म्हणजे ब्राह्मणाचंच भूत, विद्वान, मानी. आणि खवीस, झोटिंग कुणाचे असं विचारलं की गावागणिक उत्तर बदलतं, पण बोट हमखास वळतं ते खालच्या मानलेल्या जातींकडे, नाहीतर मुसलमानाकडे. मेल्यावरही जात सुटत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर भुताचा प्रकार हा जातीच्या रकान्यावरून काढलेला रकाना आहे. आता ही यादी मी 'आपली परंपरा' म्हणून तशीच खेळात उतरवली तर काय होईल? समंधाला अक्कल अठरा, खवीसाला सहा. एक बोलणार, दुसरा फक्त अंगावर येणार. माझा एक खेळाडू ज्या वाडीतून येतो, त्या वाडीकडे बोट दाखवून गावात कधीकाळी खवीसाच्या गोष्टी सांगत. त्याच्यासमोर मी तो तक्ता ठेवू? ऑर्कचं भांडण मला अमेरिकेतलं वाटत होतं तोपर्यंत मजेशीर होतं.

तर मग सगळं पुसून टाका, असं माझं म्हणणं आहे का? नाही. ते सांगायला हडळीकडे यावं लागेल.

हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा पोटुशी असताना मेलेली बाई. उलटे पाय, मोकळे केस, विहिरीजवळ नाहीतर पाणंदीत भेटणारी. अशी बाई गेली की स्मशानातून परतताना वाटेवर राळे टाकत येत, कारण घरी परतायचं तर तिला आधी दाणा न् दाणा वेचावा लागतो, आणि तेवढ्यात उजाडतं. (युरोपातल्या व्हॅम्पायरलाही सांडलेले दाणे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, अशा गोष्टी आहेत. दोन्हीकडची भुतं हिशेबाला पक्की.) विचार करा, ज्या घरासाठी ती मेली, त्याच घरात ती परत येऊ नये म्हणून हा बंदोबस्त.

गेल्या चवथीला पडवीत खेळत होतो. बाहेर पाऊस, लाईट गेलेली, मोबाईलचे टॉर्च उलटे ठेवलेले. मी हडळ आणली. धाकट्या भावाने लगेच फासा उचलला, "हिट पॉइंट किती तिचे?" आणि माझी चुलत बहीण, जी नर्स आहे, तिने त्याचा हात धरला. म्हणाली, "थांब रे. तिचा बाळ खंय गेला ता इचार आधी."

माझ्या वहीत त्याचं उत्तर नव्हतं, ते तिथेच बसून रचावं लागलं. पुढचे दोन तास एकानेही तलवार काढली नाही. हडळ तेवढीच भीतीदायक राहिली, खरं तर जास्त झाली, कारण आता तिला काहीतरी हवं होतं आणि ते देणं ह्यांना परवडणारं नव्हतं. आजी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन एवढंच बोलली, "भुताक मारूचा नसता रे झिला. तेका काय व्हया ता इचारूचा असता."

हे वाक्य मी खेळाच्या नियमात घातलंय. आपल्याकडे भुताशी व्यवहार असतो. नारळ द्यायचा, कोंबडा द्यायचा, मान द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. एकजण मोठ्याने म्हणणं मांडतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझ्या खेळात आता मारामारीच्या आधी गाऱ्हाण्याची फेरी असते. जो बोलतो तो फासा टाकतो, आणि जितके जण मनापासून "व्हय म्हाराजा" ओरडतील तितके गुण वाढतात. मनापासून की नाही ते मी ठरवतो, त्यावर भांडणं होतात.

आता परंपरेकडे. राक्षस बदलू नका म्हणणाऱ्यांनी एक रात्र जत्रेत दशावतार बघावा. तो मुळातच टेबलाभोवतीच्या खेळासारखा आहे. लिहिलेली संहिता नाही. आज कुठलं आख्यान, कोण काय करणार हे आधी ठरतं, आणि संवाद रंगमंचावर, पेटी आणि मृदंगाच्या साथीने, तिथल्या तिथे. त्यात सुरुवातीला आडदशावतारात येतो संकासुर. वेद चोरणारा दैत्य. काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा, लाल जीभ बाहेर. दिसायला पक्का राक्षस. पण तोंड उघडलं की मालवणीत बोलतो! गावच्या पुढाऱ्याला टोमणा, रस्त्यातल्या खड्ड्यांना टोमणा, भटजींची फिरकी. देव शुद्ध मराठीत बोलतात आणि दैत्य आमच्या भाषेत. शेवटी विष्णूच्या हातून मरतो, दरवेळी मरतो, तो नियम कुणी बदललेला नाही. पण तोपर्यंत लोक त्याच्या बाजूने हसत असतात. वर उत्तरेला रत्नागिरीकडे तर शिमग्यात तो घरोघर नाचत येतो.

आणि ह्या संकासुराला धोका कुणापासून आहे? बदलण्यापासून नाही. आता बऱ्याच ठिकाणी आडदशावतार आटोपता घेतात, गणपती नाचवला की थेट आख्यान. वेळ नाही म्हणून. म्हणजे पान काढून टाकलं, 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधून ऑर्कचं काढलं तसंच. म्हणूनच कंपनीचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. स्वभावाचा रकाना काढा, पण पान ठेवा. पान काढलंत की पुढचा पोरगा ऑर्कला नवीन काय बोलायला लावणार?

अजून एक उदाहरण वेंगुर्ल्याकडचं. आरवलीचा वेतोबा. नाव बघा, वेताळ, भुतांचा राजा. आज तो गावाचा राखणदार आहे, त्याला केळ्यांचे घड वाहतात, आणि हातभर लांब चामडी चपला, कारण तो रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो आणि त्या झिजतात. त्याचा दरारा कमी झाला का? रात्री त्याची खोटी शपथ घ्यायला सांगा कुणाला. आणि बळीराजा तर असुरच. वामनाने पाताळात घातला म्हणून दशावतारात दाखवतात आणि त्याच महाराष्ट्रात दिवाळीला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त उघड मांडलं की ज्यांना राक्षस म्हटलं ते इथले रक्षण करणारे होते, राक्षस हे नाव जिंकणाऱ्यांनी दूषित केलं. ऑर्कच्या वादाच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी! त्यांची व्युत्पत्ती भाषेच्या अभ्यासकांना मान्य होईल न होईल, प्रश्न मात्र तोच आहे: तक्ता भरला कोणी?

ऑफिसमधला एक मित्र म्हणतो, "तू सगळ्यांना बिचारं करून टाकलंस, मग आम्ही मारायचं कुणाला?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. प्रत्येक भुताला दुःखी भूतकाळ चिकटवला की दहाव्या भुताला जांभई येते. म्हणून गिऱ्ह्याला मी हात लावलेला नाही. खाडीतला गिऱ्हा. आमच्या गावाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मध्ये सुरूच्या बनाची पट्टी. अशा ठिकाणी माणसं बुडतात, आणि का बुडली याला दरवेळी कारण नसतं. गिऱ्हा ओढतो. बस. त्याच्याकडे ना जात, ना कैफियत. तो जुनाच बरा. चकव्याचं मात्र पोरांनी परस्पर नवं करून टाकलं: रानात रस्ता चुकतो तेव्हा मोबाईलवरचा निळा ठिपका गोल गोल फिरायला लागतो आणि 'यू हॅव अराइव्ह्ड' म्हणतो. मी लगेच वहीत उतरवून घेतलं.

अडलोय तो खवीसाशी. जातीचा रकाना काढला, तर उरतं काय? आडदांड, काळोखातला, वाट अडवणारा. एवढ्यावर भूत उभं राहत नाही. ज्याच्या वाडीकडे बोट दाखवत त्या मित्राला मी विचारलं की काढून टाकू का. तो म्हणाला, "नको. माका लिवूक दी." सध्या वही त्याच्याकडे आहे. एकच पान झालंय आणि त्यात खवीस वाट अडवून येणाऱ्याला आडनाव विचारतो. पुढचं तो दाखवत नाहीये.

तोपर्यंत तुमच्याकडची भुतं पाठवा. व्हॉइस नोट चालेल, आजी-आजोबांच्या आवाजात असेल तर फारच उत्तम. दोन गोष्टी मात्र नक्की विचारा त्यांना: ते भूत आधी कोण होतं, आणि त्याला काय दिलं की ते वाट सोडतं. भेटू पुढच्या भागात.