आरंभीचा शून्य आणि नोंदीचा प्रकार
(व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईचा दूरध्वनी-संकेतांक ०२२. हे तीन अंक कागदावर वाचणाऱ्यास ते कशाचे आहेत हे संदर्भाने कळते. त्यांची बेरीज करण्याचा विचार कोणी करीत नाही. संगणकास असा संदर्भ नसतो. नोंदीचा प्रकार सांगितला नाही, तर तो ठरलेल्या नियमांनी स्वतःच प्रकार ठरवितो आणि तेथेच घोटाळा होतो.

‘यॅमल’ ही साध्या मजकुराच्या रूपात माहिती लिहिण्याची पद्धत २००१ पासून प्रचारात आहे. तिच्या १.१ या आवृत्तीत आरंभी शून्य असलेली संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते. त्यामुळे ०२२ चे १८ होतात आणि पुण्याच्या ०२० चे १६. २०११ च्या जनगणनेतील राज्य-संकेतांक असे लिहिले, तर दिल्लीचा ०७ हा नुसता ७ होतो. राजस्थानचा ०८ मात्र जसाच्या तसा राहतो. कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही, म्हणून तो मजकूर ठरतो. एकाच रकान्यात अशा दोन प्रकारच्या नोंदी झाल्या, की दुसऱ्या यादीशी मेळ घालताना दिल्लीची नोंद गळते. नॉर्वेचा देश-संकेतांक ‘एनओ’ तर ‘नाही’ या अर्थाने घेतला जातो. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही.

२००९ च्या १.२ या आवृत्तीने ‘एनओ’चा दोष दूर केला, परंतु तिच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणेही ०२२ चे २२ होतात. शिवाय पायथॉन या संगणकभाषेतील ‘पायायॅमल’ ही प्रचलित लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, १.१ चेच नियम पाळते.

उपाय सोपा आहे. संकेतांक अवतरणचिन्हांत लिहावा किंवा त्यापूर्वी दोन उद्गारचिन्हे व ‘एसटीआर’ ही अक्षरे असलेली खूण घालावी. म्हणजे तो मजकूर म्हणूनच वाचला जातो. संगणकातील नोंद मुळात मजकूर असेल, तर ही लायब्ररी ती लिहून काढताना आवश्यक तेथे अवतरणचिन्हे आपणहून घालते. धोका आहे तो हाताने लिहिलेल्या नोंदीत. एक सावधगिरी मात्र हवी. बाहेरून आलेल्या मजकुरातील प्रकाराच्या खुणांमधून घातक आज्ञाही चालविता येतात; म्हणून असा मजकूर ‘सेफ लोड’ या सुरक्षित मार्गानेच वाचावा.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. बँक खात्याच्या क्रमांकातील आरंभीचा शून्य गळाला, तर एखाद्या लाभार्थ्याचे अनुदान अडू शकते. म्हणून माहितीचा नमुना आखतानाच कोणता रकाना मोजणीचा व कोणता केवळ ओळखीचा, हे कार्यालयाने लिहून द्यावे. माहिती भरून झाल्यावर शून्याने सुरू होणाऱ्या दोन-चार नोंदी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. एवढी दक्षता ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येकास घेता येण्याजोगी आहे.