अल्पकालीन संवादोपचार आणि घरातील नाती



मानसिक आरोग्याचा विषय निघाला की १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम ही वर्षे पाठ करून आपण थांबतो. आज मी वेगळा प्रश्न मांडणार आहे. काही आठवड्यांच्या संवादोपचाराने रुग्णाचे इतरांशी असलेले नातेही बदलते काय?

या संदर्भात गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेचा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीचे उपचार काहीशा सुधारित स्वरूपात मिळाले. दुसऱ्याला त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य नागरिक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

परीक्षेच्या दृष्टीने एवढी आकडेवारी पुरेशी वाटेल. मला मात्र त्याच अहवालातील एक दुय्यम निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. समुपदेशन घेतलेल्या स्त्रियांमध्ये जोडीदाराकडून शारीरिक मारहाण झाल्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे आढळले.

हे कशामुळे घडले असावे? नैराश्यात माणूस आधी लोकांपासून तुटतो. शेजारीण, बहीण, कामावरची मैत्रीण यांच्याकडे जाणे थांबते आणि एकटेपणाने नैराश्य अधिकच गडद होते. या उपचारात आनंद देणारी, अर्थपूर्ण वाटणारी कामे पुन्हा सुरू करण्यावर भर असतो; अडचणी सोडविण्याचा आणि जवळच्यांचे साहाय्य घेण्याचा सरावही होतो. म्हणजेच तुटलेले धागे जोडणे हा उपचाराचाच भाग आहे. मारहाण नेमकी यामुळेच घटली, असे मात्र या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. अंदाजाची कक्षाही बरीच रुंद आहे.

येथे धोरणकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे. उपचार पत्नीला मिळाला; हात उगारणारा मात्र पती होता. तेव्हा हिंसा थांबविण्याची जबाबदारी पीडितेच्या समुपदेशनावर सोपविणे अन्यायाचे ठरेल. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि त्यातील संरक्षण अधिकारी आहेत. आरोग्य केंद्रातील समुपदेशकाला या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ठाऊक असणे, ही प्रशिक्षणातील पहिल्या दिवसाची बाब असावी.