बंद दारापुढची माणसे
(ज्ञातिमंडळाच्या पंचवटी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



तरुणांनी सुखाची वाट सोडून कठीण वाट का धरावी, यावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. अशा प्रसंगी ध्रुवाचे किंवा नचिकेताचे आख्यान लावण्याचा प्रघात आहे. परंतु पंचवटीत बसून इतके दूर जाण्याचे कारण नाही. काळाराम मंदिर येथेच आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष मिरवणुकीने त्या मंदिरापाशी आले. दारे बंद होती. मिरवणूक शांतपणे गोदेच्या घाटाकडे वळली, आणि दुसऱ्या दिवशी चारही दरवाजांवर सत्याग्रही येऊन बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. त्या पंचवीस जणींचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. गावोगावी त्यांची मुले शाळेतून काढली गेली, बाजारात जिन्नस मिळेनासे झाले. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले, तरी भाऊराव गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा चालू ठेवला. तो १९३५ पर्यंत चालला. दार मात्र उघडले नाही.

मग मिळाले काय, असे कोणी व्यवहारी गृहस्थ विचारतील. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर आहे. मूर्तिपूजेची ओढ म्हणून नव्हे, तर दलित समाजात चैतन्य यावे, त्याला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, म्हणून हा मार्ग धरला. ते कार्य झाले, आता शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय आहे. कष्टासाठी कष्ट करणे यात पुरुषार्थ नाही, हे यावरून दिसते. (आपल्याकडे उगाच उपाशी राहण्याचेही कौतुक होते, ते निराळे!) काम झाल्यावर ती वाट सोडली, पण सोपी धरली नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा ही त्याहून कठीण वाट होती. गायकवाड पुढे १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेले. तेथेही स्वस्थ न बसता १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला.

आता अप्रिय बोलतो, क्षमा असावी. त्या काळी आपल्या ज्ञातीला ते दार उघडे होते. बाहेर बसलेल्यांच्या शेजारी जाऊन बसण्यास आपणांस कोणी अडविले नव्हते. अडविले ते सुखानेच. आज तेच सुख आपण मुलांच्या हाती देतो: ठरलेली पदवी, ठरलेली नोकरी, ओळखीतले स्थळ. एखादी मुलगी आदिवासी भागात दवाखाना काढीन म्हणाली, की घरात सुतक पडते.

मंडळाच्या शिष्यवृत्त्या केवळ गुणांवर दिल्या जातात. त्यांतील एक तरी अशा मुलीसाठी राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. कार्यकारिणीने ती पुढील बैठकीत चर्चेस घ्यावी, आणि पालकांनी त्या बैठकीस अगत्याने हजर राहावे, ही विनंती.