पोटातली नळी आणि अंगातले पाणी



हात, पाय, डोळे आपल्याला दिसतात. पण शरीराची मोठी कामे आत चालतात. आज आम्ही पोटाविषयी बोलणार आहोत. हसू नका. या विषयात लेकरांचा जीव गुंतला आहे.

तोंडापासून गुदद्वारापर्यंत एकच लांब नळी आहे. घास जठरात उतरतो. तिथे आंबट रस मिसळतो, घुसळण होते. पुढे लहान आतडे लागते. मोठ्या माणसाचे हे आतडे सुमारे २० फूट लांब! दावे गुंडाळून ठेवावे तसे ते पोटात वेटोळे घालून बसते. बारीक आहे म्हणून लहान म्हणायचे. मोठे आतडे जाड, पण लांबीला पाचच फूट.

भाकरीचे सत्त्व लहान आतड्यातून रक्तात जाते. पाणीही बहुतेक इथेच मुरते, पाटाचे पाणी वाफ्यात मुरते तसे. हृदय ते रक्त अंगभर ढकलते. पाठीकडची दोन मूत्रपिंडे रक्त गाळतात आणि घाण लघवीवाटे काढतात. फुप्फुसांचे पुढच्या खेपेला बोलू.

जुलाब लागले की आतडे पाणी मुरवीनासे होते. उलट अंगातलेच पाणी बाहेर सोडते. बरोबर मीठही जाते. मग रक्त आटते, नाडी बारीक आणि जलद चालते. मूत्रपिंडे आहे ते पाणी धरून ठेवतात, म्हणून लघवी कमी होते. तान्ह्या मुलाची टाळू खाली बसते. आया मग टाळूवर तेल भरतात. भरा बापडे, आमची ना नाही; पण आतले पाणी गेले म्हणून पडलेला खड्डा वरून भरत नाही.

काही घरांत जुलाब लागले की पोराचे पाणी तोडतात. पाण्याने जुलाब वाढतात म्हणे! रांजणाला भोक पडले आणि वरून ओतायचेही थांबवले, तर रांजण किती वेळ भरलेला राहील?

आजारी आतड्यातही एक वाट उघडी राहते. साखर आणि मीठ त्या वाटेने जोडीने आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगावला, पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून ठेवले. नातलगच ते रोग्यांना पाजू लागले. शंभरांत वीस-तीस माणसे दगावत होती, तिथे हे प्रमाण चाराच्या आत आले.

दवाखान्यातली ओआरएसची पुडी सगळ्यांत चांगली. ती नसेल तर उकळून गार केलेले १ लिटर पाणी घ्या. त्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, तेव्हा अंदाजाने टाकू नका. पोराला चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. अंगावरचे दूध तोडू नका.

शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, पोर मलूल पडले किंवा पीतच नाही, तर घरी बसू नका. दवाखाना गाठा. वाटेतही, पीत असेल तर, पाजत राहा. केलेले पाणी एका दिवसापुरतेच. उरले तर ओतून द्या आणि दुसऱ्या दिवशी नवे करा.