प्रीॲम्प काढल्यावर त्याचं काम कोण करणार?



साऊंडचा धंदा करणारी माणसं आणि घरी बसून गाणं ऐकणारी माणसं आज ईश्वरपुरात, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुरात, एकाच मांडवाखाली बसली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल आभार मानतो आणि मुद्द्यावर येतो. हल्ली जो भेटेल तो मला एकच विचारतो: डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचे विद्युत संकेत करणारी पेटी, सरळ पॉवर ॲम्पला जोडली तर चालेल का? मधला प्रीॲम्प काढून टाकू का?

काढा, असंच मी सांगतो. पण प्रीॲम्प जी कामं गुपचूप करत होता, ती कुणावर सोपवलीत हे आधी ठरवा आणि मगच काढा.

प्रीॲम्प आला तो गरजेतून. रेकॉर्डवरच्या पिनेतून निघतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट, त्यातही खर्ज दाबलेला आणि तार स्वर चढवलेले. ते सरळ करायचं, वाढवायचं, मग ॲम्पला द्यायचं. टेपच्या हेडचीही तीच कथा. 1982 साली सीडी बाजारात आली आणि प्लेअरमधून सरळ 2 व्होल्ट मिळू लागले. सीडीपुरतं तरी आवाज वाढवण्याचं काम त्याच वर्षी संपलं. प्रीॲम्पकडे उरलं ते आवाज कमी करणं, इनपुट निवडणं आणि थोडी राखण.

आता हिशेब बघा. 8 ओहमला 100 वॅट देणारा ॲम्प आहे. पूर्ण ताकदीला त्यातून सुमारे 28 व्होल्ट निघतात. त्याचा गेन 26 डेसिबल, म्हणजे वीसपट असेल, तर इनपुटला 1.4 व्होल्ट पुरे. डॅक देतो 2, आणि एक्सएलआर जोडणीतून बहुतेक 4. आपल्या कार्यक्रमांच्या ॲम्पचा गेन तर पुष्कळदा 32 डेसिबल, म्हणजे चाळीसपट असतो, त्याला 0.7 व्होल्टमध्येच पूर्ण ताकद येते. त्यावर 4 व्होल्ट सोडणं म्हणजे ठिबकच्या नळीला मोटारीचा सगळा दाब जोडणं. आवाज फाटतो, आणि पहिला बळी ट्वीटरचा जातो.

बरं, घरात ऐकायला लागतं किती? एक वॅटसुद्धा भरपूर होतो. वीसपट गेनच्या ॲम्पवर एका वॅटसाठी 2 व्होल्टचा डॅक 23 डेसिबल खाली आणावा लागतो. रात्री हळू ऐकताना, वॅटच्या शंभराव्या हिश्श्यावर, 43 डेसिबल. एक बिट म्हणजे साधारण 6 डेसिबल. सोळा बिटांतच आवाज कमी करणारं जुनं यंत्र असेल, तर सात बिट गेले, उरले नऊ. आजचे चांगले डॅक हा हिशेब 32 बिटांत करतात, म्हणून बिटांची भीती आता फारशी धरू नका. भीती आहे ती खरखरीची. गाणं खाली येतं, पण डॅकच्या आउटपुटची स्वतःची सूं-सूं तिथंच राहते आणि ॲम्प ती इमानानं वाढवतो. घरातल्या 90 डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरवर ती ऐकू येत नाही. 105 डेसिबलचा हॉर्न आणि चाळीसपट गेनचा ॲम्प जोडून देवळात पहाटे भूपाळी लावा, ती लगेच कानाला लागेल.

हे मी इतकं ताणून का सांगतो? आपल्या सांगली जिल्ह्यात मिरज आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर जवारी लावतो. धागा केसभर पुढं-मागं झाला तरी झणकार बदलतो. त्या झणकाराचं शेपूट, तार छेडल्यावर दोन-तीन सेकंदांनी उरतं ते, फार नाजूक असतं. कारागिरानं तासन्‌तास कान लावून मिळवलेलं ते शेपूट आपल्या डॅकच्या सूं-सूंखाली गाडलं जावं, हे मला सहन होत नाही.

उपाय स्वस्त आहे. 9 किलोओहम आणि 1 किलोओहम, असे दोन रेझिस्टर ॲम्पच्या इनपुटजवळ लावले की 20 डेसिबल कमी होतात; गाणं एक दशांश, खरखरही एक दशांश. मग डॅकचा व्हॉल्यूम बिनधास्त वर ठेवा. ॲम्पला स्वतःचं गेनचं बटण असेल तर तेच खाली आणा, बाकी काही नको.

राखणीचं काम मात्र विसरू नका. फोनवरून गाणं चालू असतं, सॉफ्टवेअर अडखळतं आणि व्हॉल्यूम एकदम शंभरावर जातो. मध्ये अडवायला हातात काहीच नसतं. आपल्याकडे लाइट जाते-येते. प्रीॲम्प असो वा नसो, आधी डॅक आणि शेवटी ॲम्प चालू करायचा, बंद करताना उलट, हा नियम आपण पाळतो. पण लाइट आल्यावर दोन्ही एकदम चालू होतात आणि स्पीकरमधून धप्पकन आवाज येतो. म्हणून थेट जोडणीत स्पीकर उशिरा जोडणारा रिले असलेलाच ॲम्प घ्या. आणि जोडण्याआधी डॅकच्या आउटपुटला मल्टिमीटर लावून डीसी बघा. तिथले 10 मिलिव्होल्ट काही ॲम्पमधून 200 होऊन स्पीकरच्या शंकूवर बसतात.

कार्यक्रमवाल्यांसाठी एवढंच. माइक काही मिलिव्होल्टच देतो, तेव्हा तुमच्याकडे प्रीॲम्प काढण्याचा प्रश्नच येत नाही. तो मिक्सरच्या पोटात बसलेला आहे. पण आपला भाग शाहिरी-तमाशाचा: शाहीर अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव याच वाळवा तालुक्यात, तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीजवळ. शब्दावर जगणाऱ्या कला आहेत या. शाहिराचा शब्द शेवटच्या रांगेत न फाटता पोचला पाहिजे, आणि तो बिघडतो मिक्सरचा गेन आणि ॲम्पचा गेन यांचा मेळ न घातल्यानं.

माझी एक मागणी आहे. इथून जवळच राजारामनगरला 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना सोबत घेऊन आपापल्या ॲम्पचा गेन एकदा मोजून घ्या आणि ॲम्पच्या पाठीवर रंगानं लिहून ठेवा. दुपारच्या सत्रात मीटर घेऊन मी स्वतः बसणार आहे. ज्यांनी ॲम्प आणले आहेत त्यांनी जेवणानंतर मांडवाच्या मागच्या टेबलावर मांडावेत.