भाता सोडून तंत्रविद्येकडे
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



घरचा भाता-ऐरण सोडून मुलगा शिकायला निघाला की एक कमावता हात कमी होतो. म्हणून बाप अडखळतो. पण एस.एस.सी.नंतर आय.टी.आय.ची दोन वर्षे केली की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. हातातले कसब तेथे कामीच येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग ओळखता येईनात, म्हणून ते चित्रकला सोडून यांत्रिक रेखांकन शिकले. पुढे त्यांचाच लोखंडी नांगर शेतात आला. तुळजापुरात श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानने १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. भाविकांचे दान विद्येलाही लागले. आपल्या मंदिरावर कळस चढला. आता अशा मुलाच्या घराला शिक्षण पुरे होईतो गावाने आधार द्यावा, एवढीच विनंती.